पेटी घरी ठेवून आलेल्या फर्स्ट इयरच्या मित्रासाठी

तू लिहिलंयस की मेडिकलला ॲडमिशन मिळाल्याचा आनंद महिन्याभरात संपला, दिवसभर लेक्चर, डिसेक्शन (शवविच्छेदन), रात्री पाठांतर, आठवीपासून वाजवत होतास ती पेटी गावी राहिली आणि आता वाटतंय की मजा वगैरे जे काही असेल ते पीजी (पदव्युत्तर शिक्षण) झाल्यावरच. मी मिरजेच्या गव्हर्नमेंट मेडिकलला होतो, आता प्रॅक्टिस करतोय त्याला १४ वर्षं झाली, म्हणून अगदी कळकळीने सांगतो, पीजीपर्यंत थांबू नकोस. पीजीनंतर सरकारी सेवेचा बाँड असतो, मग कर्ज, मग लेकरांच्या शाळा, 'नंतर' कधी येत नाही रे. आणि दुसरं म्हणजे मजा अभ्यासाच्या बाहेर कुठेतरी आहे असं जे तुला वाटतंय ना, तिथेच गडबड होतेय, बरीचशी आतच आहे, फक्त ती ओळखायला थोडा वेळ लागतो.

फर्स्ट इयरचंच घे. मृतदेह टिकवायच्या फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, जेवताना हाताला वास येतो, ते सगळं खरंय, त्याबद्दल खोटा दिलासा देत नाही. पण आम्ही रूमवर काय करायचो, सीनियरकडून आलेल्या बोन सेटमधली कार्पलची, म्हणजे मनगटाची, आठही हाडं एका मोज्यात टाकायचो आणि न बघता आत हात घालून नुसत्या स्पर्शाने कुठलं ते सांगायचं. पिसिफॉर्म वाटाण्याएवढं, ते लगेच कळतं, हॅमेटला हुक असतो, पण लुनेट आणि ट्रायक्वेट्रलवर हमखास भांडणं. रात्री अकराला चौघं एका कॉटवर बसून मोज्यात हात घालतायत, तो अभ्यास होता की खेळ मला आजही सांगता येणार नाही. आमच्या सेटच्या खोक्यावर आधीच्या सहा मालकांची नावं होती, खाली मी माझं लिहिलं आणि पुढच्या वर्षी ज्युनियरला देताना चक्क वाईट वाटलं. हिस्टॉलॉजीच्या (शरीरातल्या ऊतींच्या अभ्यासाच्या) जर्नलला गुलाबी-जांभळ्या पेन्सिली लागतात तेव्हा घाई करू नकोस, मायक्रोस्कोपखाली थायरॉइडचे फॉलिकल एकदा नीट बघ, गोल गोल पिशव्या, आत गुलाबी कोलॉइड. अशा वेळी परीक्षा थोडा वेळ विसरायला होते.

पण खरं सुख वॉर्डात आहे आणि त्यातही संध्याकाळच्या वॉर्डात. सकाळी राउंड असतो, पुढे सर, मागे रेसिडेंट, त्यांच्या मागे आपण, पाचव्या रांगेतून पेशंटचं डोकंसुद्धा दिसत नाही. चार ते सहा या वेळात जा, ओपीडी संपलेली असते, सिस्टर जरा निवांत असतात, पेशंटलाही कोणीतरी बोलायला हवं असतं. विचारून बस, जेवण चालू असेल तर नंतर जा, आणि स्टेथोस्कोप आधी तळहातावर धरून गरम कर. एवढं केलंस ना तर कुणी नाही म्हणत नाही.

मिरजेला कर्नाटकातून पेशंट खूप येतात, त्यामुळे आम्हाला ॲनाटॉमीसोबत कानडीही शिकावी लागली. नोवु एल्लि, म्हणजे कुठे दुखतंय, उसिरु तगोरी, श्वास घ्या, उसिरु बिड्री, सोडा. अथणीकडची एक ताई होती, तिशीतली, जिना चढला की दम लागायचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हाच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, मायट्रल स्टेनोसिस. पुस्तकात त्या मर्मरचं, म्हणजे अशा झडपेतून रक्त जाताना येणाऱ्या आवाजाचं, वर्णन पाठ होतं पण ऐकू काही येईना, तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी एका रेसिडेंट मॅडमनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, दाबतोयस कशाला, बेल (स्टेथोस्कोपची छोटी वाटीसारखी बाजू) नुसती टेकव, जोरात दाबलीस की खालची कातडीच ताणून डायफ्राम (दुसऱ्या बाजूला असतो तसा ताणलेला पडदा) होते आणि खालच्या पट्टीतला आवाज निघून जातो. ताईला डाव्या कुशीवर वळवलं, उसिरु बिड्री म्हटलं, बेल हलकेच टेकवली आणि आलं बाबा ते, लांब कुठेतरी डोंगरापलीकडे ढग गडगडावेत तसं. माझा चेहरा बघून तीच हसली आणि म्हणाली, ऊट आतेन्री? म्हणजे जेवलात का? मी जेवलो नव्हतो, तिने डब्यातली अर्धी भाकरी दिली, ती खाताना मला रडू येत होतं. नंतर रक्तवाहिनीतून नेलेल्या फुग्याने तिची झडप उघडली, सुधारून घरी गेली. एवढ्या वर्षांत खूप मर्मर ऐकले पण आठवतो तोच.

आता हे तुला का सांगतोय, तू पेटीवाला आहेस म्हणून. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तंबोरे-सतारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे बनतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. रविवारी मी तिथे एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो. एकदा दुकानातले चाचा जवारी लावत होते, म्हणजे तारेला झंकार येईल असं जुळवत होते, घोडीवर (तार टेकते त्या पट्टीवर) तारेखाली दोरा असतो, तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचे आणि मला म्हणायचे ऐक. एका जागी आला की तार एकदम उघडते, एकाच सुरातून चार सूर निघाल्यासारखे. मला तर लगेच बेलच आठवली, तिथेही जोर लावून काही होत नाही. तुझा कान तयार आहे, हे वॉर्डात तुझं भांडवल आहे, वाया गेलेला छंद नाही.

पर्कशनचंही, म्हणजे बोटाने ठोकून आवाजावरून आत काय आहे ते ओळखण्याचंही, तेच. ही पद्धत १७६१ मध्ये ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने मांडली, तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, दारूची पिंपं वाजवून किती भरलंय ते बघतात हे त्याने घरीच पाहिलेलं. आपल्याकडे कलिंगड वाजवून घेतात तसंच. आम्ही दारं, टेबलं, गॅस सिलिंडर, सगळं वाजवत सुटायचो, आणि मग छातीत पाणी झालेल्या माणसाच्या पाठीवर बोट पडलं आणि तो दगडासारखा ठस्स आवाज आला की पुन्हा शिकवावं लागत नाही.

बाकी छोट्या गोष्टी आहेतच. रविवारी रात्री मेस बंद, मग भुर्जीची गाडी. टर्मच्या परीक्षेआधी रात्री दोनला मिरज जंक्शनवर चहा, कारण तेवढंच उघडं असायचं. द्राक्षाच्या सीझनला डिस्चार्ज झालेले काका पाटीभर द्राक्षं घेऊन यायचे. आणि उरूस. मिरजेच्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, ते १९३७ साली गेले, तिथे दरवर्षी संगीतसभा होते आणि मोठमोठे गवई हजेरी लावायला येतात. आम्ही पाचजण सतरंजीवर रात्रभर बसायचो, सकाळी आठला थेट लेक्चरला. तुझं कॉलेज कुठलं ते लिहिलं नाहीस पण प्रत्येक गावात असं काहीतरी असतं, पहिल्या वर्षातच शोधून ठेव.

एक मात्र गंभीरपणे. रोज रडू येतंय, झोप नाही, काहीच आवडेनासं झालंय असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो मजेचा प्रश्न नाही. रूममेटला सांग, घरी सांग, सायकियाट्रीच्या मॅडमना भेट, किंवा १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि एकाने कुणाला काही न सांगता शिक्षण सोडलं, हे मला अजून लागतं.

आणि पेटी दिवाळीला घेऊन ये. रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी, फक्त अलंकार वाजवलेस तरी चालेल. शेजारचे वैतागतील असं वाटेल, आठवड्याभरात त्यातलेच दोघं येऊन बसतील. पावसाळ्यात खिडकीपाशी ठेवू नकोस, ओलीने पट्ट्या फुगून अडकतात, आणि फॉर्मालिनचा वास मारणारा ॲप्रन असतो त्या कपाटात तर नकोच.