अंदाजाने गोळी नको, ब्लॉकचा रिपोर्ट येऊ द्या

तुमच्या आईंना फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे एका प्रकारचा कॅन्सर, निघालाय, चौथी स्टेज. डॉक्टरांनी ब्लॉक (गाठीचा मेणात बसवलेला तुकडा) ईजीएफआर आणि एएलके या जीन्समध्ये बदल आहे का, या तपासणीला बाहेर पाठवलाय, आणि घरचे म्हणताहेत, रिपोर्टची वाट कशाला, टार्गेटेड गोळी (अशा बदलावर नेम धरणारं औषध) आजच चालू करा. मी सोलापुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये वर्षानुवर्षं ब्लॉक कापलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोळी अंदाजाने चालू करू नका. आईंनी आयुष्यभर विड्या वळल्या पण ओढली एकही नाही, त्यामुळे ईजीएफआरमध्ये म्युटेशन (जीनमधला बदल) सापडायची शक्यता चांगली आहे, हे खरं. तरी २००९ च्या आयपास चाचणीचे आकडे बघा. तिथले पूर्व आशियातले पेशंट असेच होते, बहुतेकांनी कधी सिगारेट ओढलेली नव्हती. ज्यांच्या गाठीत म्युटेशन होतं, त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांची गाठ जेफिटिनिब या टार्गेटेड गोळीने आकसली, केमोने ४७ टक्क्यांची. म्युटेशन नव्हतं त्यांच्यात गोळी लागू पडली १.१ टक्क्यांना, केमो २३.५ टक्क्यांना. वरून बघून कोण कुठल्या गटातलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

इम्युनोथेरपीचीही (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराची) घाई नको. पीडी-एल१ (हा उपचार ठरवताना गाठीत मोजतात ते प्रथिन) जास्त आला तरी ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह गाठीवर ती एकटी सहसा फारशी चालत नाही, आणि तिच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच दुसरी टार्गेटेड गोळी) दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

वाट बघताना धाप वाढली, फुप्फुसाभोवती पाणी भरलं, तर मात्र थांबायचं नाही. डॉक्टर नुसती केमो चालू करतील, त्याने पुढे गोळीचा रस्ता बंद होत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या चाचणीत ईजीएफआर पॉझिटिव्ह ३५० पेशंट होते. जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार साधारण १६ महिने आटोक्यात राहिला, नुसत्या गोळीवर ८. त्रास जास्त होतो, पण केमो वाया जात नाही.

आता ब्लॉकबद्दल. सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा असतो. मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, आणि दर वेळी ब्लॉक मशीनला लावला की समतल करतानाच थोडा माल जातो. टीटीएफ-१, पी४० हे कॅन्सरचा प्रकार ओळखायचे मार्कर झाले की निदान पुरतं. त्यापुढे हौसेने मार्कर वाढवले तर म्युटेशनसाठी काही उरत नाही. म्हणून लॅबला आजच फोन करून विचारा, ब्लॉकमध्ये गाठीचा भाग किती शिल्लक आहे. आईंना सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला न्यायची गरज नाही, ब्लॉक कुरिअरने जातो.

बहिणींना सांगा, हे म्युटेशन गाठीत नंतर घडलेलं असतं, सहसा आईकडून मुलींकडे येत नाही.

रिपोर्टवर 'नमुना अपुरा' आलं तर ते निगेटिव्ह समजू नका. रक्तातून तपासणी करा. त्यात सापडलं तर धरून चाला, नाही सापडलं तर पुन्हा बायोप्सीचं विचारा. ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं तर एक्झॉन (जीनचा भाग) कुठला ते मला कळवा. १९ चं डिलीशन किंवा २१ चं एल८५८आर असेल तर डॉक्टरांना ऑसिमर्टिनिबचं विचारायचं. एक्झॉन २० चं इन्सर्शन असेल तर या नेहमीच्या गोळ्या बहुतेक वेळा चालत नाहीत, त्याची औषधं वेगळी आहेत.