व्हर्च्युअल मशीनचा डिस्प्ले: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लिनक्सवर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) आणि वर्ट-मॅनेजर (ती हाताळायचा खिडकीवाला प्रोग्राम) वापरतो. गेस्ट (व्हर्च्युअल मशीनच्या आतली सिस्टीम) विंडोज १०, व्हिडिओ क्यूएक्सएल (गेस्टला दिलेलं आभासी ग्राफिक्स कार्ड), डिस्प्ले स्पाइस (गेस्टचं चित्र आपल्यापर्यंत आणणारी पद्धत). मॉनिटर ३८४० × २१६०चा आहे, पण गेस्टमध्ये २५६० × १६००च्या वरचं रिझोल्यूशन यादीत येतच नाही. गेस्टची रॅम ४ वरून ८ जीबी केली, तरी तेच.

उत्तर: रॅम पुन्हा ४ जीबीवर आणलीत तरी चालेल, तिचा इथे संबंध नाही. क्यूएक्सएल कार्ड चित्रासाठी स्वतःची वेगळी मेमरी राखून ठेवतं. तिला व्हीजीएमेम म्हणतात आणि काही सांगितलं नाही तर ती १६ एमबी धरली जाते. एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. २५६० × १६००चा हिशेब होतो १५.६ एमबी, म्हणजे जेमतेम मावतो. ३८४० × २१६०ला ३१.६ एमबी हवेत, म्हणून ते रिझोल्यूशन यादीतच दिसत नाही.

हा आकडा वर्ट-मॅनेजरच्या साध्या खिडकीत बदलता येत नाही. आधी प्रेफरन्सेसमध्ये एक्सएमएल एडिटिंग (मशीनची सेटिंग मजकूर म्हणून बदलण्याची सोय) सुरू करा. मग मशीनच्या तपशिलात व्हिडिओवर जाऊन एक्सएमएल टॅब उघडा. तिथे व्हीजीएमेम १६३८४ दिसेल (आकडे केबीमध्ये असतात). ते ६५५३६ करा आणि शेजारचं रॅम १३१०७२. हे 'रॅम' कार्डाचं आहे, गेस्टचं नव्हे. नावाचा हा घोळ अनेकांना फसवतो. ते व्हीजीएमेमच्या किमान दुप्पट असावं लागतं.

यानंतर गेस्ट पूर्ण शट डाउन करून मग सुरू करा. आतून रीस्टार्ट केलं तर होस्टवरची (खऱ्या कॉम्प्युटरवरची) क्यूईएमयू, म्हणजे मशीन चालवणारी प्रोसेस, तीच राहते आणि कार्डही जुन्याच मेमरीचं.

तरीही फरक पडला नाही तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं लिहिलेलं असेल तर क्यूएक्सएलचा ड्रायव्हरच बसलेला नाही. स्पाइस गेस्ट टूल्स टाका. त्यातला एजंट (गेस्टमध्ये चालणारा मदतनीस प्रोग्राम) चालू असला की विंडो ओढून मोठी केल्यावर गेस्टचं रिझोल्यूशनही बदलतं. त्यासाठी व्ह्यू मेनूतल्या स्केल डिस्प्लेमध्ये ऑटो रिसाइझवर टिक हवी आणि मशीनला स्पाइस एजंटचं चॅनेल जोडलेलं हवं.

प्रश्न: लिनक्स गेस्टमध्ये डेस्कटॉपचे इफेक्ट अडखळतात आणि सीपीयू भरून जातो. होस्टचं ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे.

उत्तर: गेस्टमध्ये जीएलएक्सइन्फो (ग्राफिक्सची माहिती दाखवणारी कमांड) चालवून रेंडरर ही ओळ वाचा. तिथे एलएलव्हीएमपाइप असेल तर सगळं थ्रीडी काम सीपीयूच करतोय. व्हिडिओ मॉडेल व्हर्टिओ निवडून थ्रीडी अॅक्सेलरेशनवर टिक करा. स्पाइस डिस्प्लेमध्ये लिसन टाइप 'नन' ठेवा आणि ओपनजीएलवर टिक करा. आता त्याच ओळीत व्हर्जल दिसायला हवं, म्हणजे थ्रीडी काम होस्टच्या कार्डाकडे गेलं. लिसन टाइप बदलायचा राहिला तर बहुतेक ठिकाणी मशीन सुरूच होत नाही, कारण ओपनजीएलने तयार झालेली फ्रेम (चित्र) नेटवर्क पोर्टवरून पाठवली जात नाही. ती त्याच होस्टवरच्या व्ह्यूअरला थेट दिली जाते.

दुसऱ्या मशीनवरून बघायचं असेल तर इजीएल-हेडलेस (स्वतःची खिडकी नसलेला, फक्त रेंडरिंग करणारा डिस्प्ले) जोडून सोबत व्हीएनसी (दुरून स्क्रीन बघण्याची पद्धत) ठेवा. रेंडरिंग होस्टच्या कार्डावर होतं आणि तयार फ्रेम कॉपी होऊन व्हीएनसीला मिळते. कॉपीचा थोडा भार पडतो, पण चालतं. विंडोज गेस्टला मात्र हा उपाय लागू नाही. व्हर्टिओचा विंडोज ड्रायव्हर चित्र दाखवतो, थ्रीडी देत नाही.

प्रश्न: व्हीएनसीवर गेस्टचा माऊस पॉइंटर खऱ्या पॉइंटरपासून दूर पळतो.

उत्तर: गेस्टला पीएस/२ माऊस दिलेला आहे. तो जागा कळवत नाही, फक्त 'इतका सरकलो' एवढंच सांगतो. त्यावर गेस्ट आपलं माऊस अॅक्सेलरेशन लावतो आणि अंतर वाढत जातं. अॅड हार्डवेअरमध्ये इनपुटवर जाऊन यूएसबी टॅब्लेट जोडा. टॅब्लेट थेट जागा कळवतो.