अमेरिकेत हेंपचे नियम बदलल्यावर ग्राहकांना आणि लायसन्स असलेल्या दुकानांना काय फरक पडणार?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नोव्हेंबर 2026 पासून हेंपचा (गांजाच्याच जातीचं, पण कमी नशेचं झाड) नवा नियम लागू झाला की लायसन्सवाल्या दुकानांची चांदी होणार का, आणि कोल्हापूरहून आलेल्या तुमच्या आईंना गुडघ्यांसाठी देता ते सीबीडी (हेंपमधलं नशा न आणणारं द्रव्य) तेल मिळत राहील का. तेलाकडे येतो. आधी दुकानांचं बोलू द्या, कारण याच विषयावरून माझं आणि माझ्या थोरल्या साडूंचं कितीदा वाजलंय.

शिकागोच्या उपनगरातल्या एका लायसन्स असलेल्या डिस्पेन्सरीचे, म्हणजे गांजाच्या दुकानाचे, हिशेब मी बघतो. गर्दीच्या दिवशी दारात उभं राहून आयडीही तपासतो, राज्याने दिलेला बिल्ला गळ्यात घालून. साडूंचं गॅस स्टेशन आमच्यापासून फार लांब नाही. इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 2020 पासून 21 वर्षांवरच्यांना गांजा विकत घेता येतो, पण तो फक्त आमच्यासारख्या दुकानातून. साडूंकडे असलं लायसन्स नाही. तरीही नशा येणाऱ्या गमी (चघळायच्या गोळ्या) आम्हीही विकतो आणि तेही विकतात.

हे कसं, ते त्यांच्याच काउंटरवर एकदा हिशेब करून दाखवलं होतं. 2024 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. बायकोने बहिणीसाठी लोणच्याची बरणी दिली होती, ती पोचवायला गेलो होतो. लॉटरीची तिकिटं आणि लायटर यांच्या मधोमध गमीची रंगीबेरंगी पाकिटं टांगलेली. एक उलटून पाहिलं. एक गमी 5 ग्रॅमची आणि तिच्यात 15 मिलिग्रॅम डेल्टा-9 टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य. साडूंकडून पावतीचा कागद मागून घेतला आणि मागे आकडे मांडले. 2018 च्या फार्म बिलाने, म्हणजे केंद्राच्या शेतीच्या कायद्याने, ठरवलं की कोरड्या वजनात डेल्टा-9 टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत असेल तर तो माल गांजा नाही, हेंप. शेतातल्या झाडाला हा नियम शोभतो. पण 5 ग्रॅमच्या गमीचे 0.3 टक्के म्हणजे बरोबर 15 मिलिग्रॅम! आमच्या दुकानात राज्याच्या नियमाने एका गमीत 10 च्या वर जाता येत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी साधा शेतमाल असलेली त्यांची गमी माझ्या ‘अमली’ गमीपेक्षा दीडपट कडक. सरबताच्या 355 मिलिलिटरच्या कॅनला हेच गणित लावलं तर हजार मिलिग्रॅमच्या वर जातं. एवढं कोणी घालत नाही म्हणा, पण कायद्याने अडवलेलंही नव्हतं.

मग पाकिटावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र उघडलं, पण त्यावरचा बॅच नंबर वेगळा आणि पाकिटावरचा वेगळा. साडूंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरून वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “कायद्यात बसतं ना? बसतं. मग तू हिशेबनीस माणूस, तुझ्या पोटात का दुखतंय? तुमचा मालक मूर्ख आहे, लायसन्सच्या मागे लागून कर्जबाजारी झाला. मी घरी बसून तोच माल विकतो.”

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. हे आमच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, दर आठवड्याला मीच त्यांचं आयडी बघायचो. हल्ली दिसत नव्हते. मला बघून ओशाळले, मग सरळच बोलले, “तुमच्याकडे टॅक्स फार लागतो.” खोटं नव्हतं. आमच्या गमीवर राज्याचा गांजाकर 20 टक्के, वर काउंटी आणि गाव यांचे तीन-तीन टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर नेहमीचा सेल्स टॅक्स. सगळं मिळून पस्तीसच्या आसपास जातं. साडूंकडे नुसता सेल्स टॅक्स. एक मात्र सांगायला हवं, साडूंनी त्यांचंही आयडी मागितलं. तेव्हा राज्यात हेंपसाठी वयाची अट घालणारा कायदाच नव्हता, तरी ते मागायचे. शेजारच्या दुकानदाराबद्दल मी असं म्हणणार नाही.

साडूंचं ‘मूर्ख’ मला का झोंबलं ते कळायला 280ई माहीत हवं. हे आयकराचं 1982 सालचं कलम आहे. मिनियापोलिसच्या एका ड्रग विकणाऱ्याने कर भरताना धंद्याचा खर्च वजा करून मागितला, कोर्टाने त्याला बराचसा दिलाही. त्यावर चिडून काँग्रेसने हे कलम आणलं. शेड्यूल एक किंवा दोनमधला (केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतले सगळ्यात कडक वर्ग) पदार्थ विकत असाल तर मालाची किंमत सोडून बाकी एकही खर्च वजा करता येत नाही. समजा 100 डॉलरची विक्री झाली, माल 50 चा, आणि भाडं, पगार, कॅमेरे, तिजोरी, पहारेकरी मिळून 40. साडूंचा नफा 10, कंपनी असेल तर त्यावर 21 टक्के कर, म्हणजे 2 डॉलर 10 सेंट. आमचाही नफा 10 च, पण कर 50 वर. झाले साडेदहा. हातात पन्नास सेंटचा तोटा. हा ताळेबंद मालकासमोर ठेवायचं काम माझं होतं. डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी गांजा शेड्यूल तीनमध्ये न्यायची प्रक्रिया लवकर उरकायचा आदेश काढला. ती पुरी झाली तर आमचा या कलमातून सुटका होण्याचा मार्ग मोकळा होईल. त्या एका ओळीने आमच्यासारख्या दुकानांना जो दिलासा मिळेल, तो हेंपच्या बंदीतून दहा वर्षांत मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नियमाचं. राज्याने आधी प्रयत्न करून पाहिला होता. इलिनॉयच्या सेनेटने मंजूर केलेलं हेंपचं विधेयक जानेवारी 2025 मध्ये हाउसमध्ये मतालाच आलं नाही, गव्हर्नर प्रित्झकर पाठीशी असूनही. त्या दिवशी साडूंनी पेढ्यांचा फोटो पाठवला होता. मग 12 नोव्हेंबर 2025 ला केंद्राचा शटडाउन (खर्चाच्या मंजुरीअभावी बंद पडलेलं सरकारी काम) संपवणाऱ्या खर्चाच्या कायद्यात हेंपची व्याख्याच बदलून टाकली. गंमत म्हणजे 2018 मध्ये हेंपच्याच पेनाने सही करून हे दार उघडणारे केंटकीचे सेनेटर मिच मॅकॉनेल, बंद करायलाही तेच पुढे. त्यांच्याच राज्याचे रँड पॉल यांनी ते कलम काढून टाकायची सूचना आणली, ती 76 विरुद्ध 24 ने बारगळली.

नव्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. टक्केवारी 0.3 च राहिली, पण आता सगळ्या प्रकारचं टीएचसी मोजायचं, तापवल्यावर टीएचसी होणारं टीएचसीए धरून. म्हणजे ‘टीएचसीए फ्लॉवर’ नावाने विकला जाणारा, पेटवला की साधा गांजाच होणारा माल गेला. सीबीडीवर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून बनवलेलं डेल्टा-8 वगैरेही गेलं. आणि विक्रीच्या मालात डब्यामागे एकूण टीएचसी 0.4 मिलिग्रॅमच्या वर नको. गमीमागे नव्हे, अख्ख्या डब्यामागे. अंमल एका वर्षाने, म्हणजे नोव्हेंबर 2026 पासून. मुदत वाढवून द्या म्हणून काँग्रेसमध्ये खटपट चालू आहे, तेव्हा तारखेवर डोळा ठेवा.

सही झाली त्याच रात्री साडूंचा फोन. “तुमच्या लोकांनी पैसे चारून आमचा धंदा बुडवला.” लायसन्सवाल्यांनी बंदीच्या बाजूने जोर लावला हे खरंच आहे, ते मी नाकारलं नाही. पण बॅच नंबर जुळत नसलेलं पाकीट विकायचा हक्क म्हणजे धंद्याचं स्वातंत्र्य नव्हे, हेही ऐकवलं. आमच्याकडे प्रत्येक पाकिटाची नोंद राज्याच्या संगणकात असते. एखाद्या बॅचमध्ये बुरशी निघाली तर ती कुठल्या दुकानांत गेली हे लगेच कळतं आणि माल परत मागवता येतो. त्यांच्या पंपावरच्या पाकिटात बुरशी निघाली तर विचारायचं कोणाला, लॉटरीच्या मशीनला?

तरी आमच्या मालकाला वाटतं तसे हे सगळे गिऱ्हाईक आमच्या दारात रांग लावणार नाहीत. ते ओशाळलेले गृहस्थ किंमत बघून गेले होते, किंमत बघूनच दुसरीकडे जातील. काही ओळखीच्या पोराकडून घेतील, तिथे ना प्रमाणपत्र, ना टॅक्स. सीमेपलीकडे शेजारच्या इंडियाना राज्यात गांजाचं दुकानच नाही, तिथल्यांना पंपावरचं हेंप हाच पर्याय होता. ते आमच्याकडे येऊन घेऊ शकतात, पण राज्याची हद्द ओलांडून नेणं हा केंद्राचा गुन्हा, मग ते काहीही असो. शिवाय मोठ्या लायसन्सधारी कंपन्यांनी स्वतःच हेंपची सरबतं बाजारात आणली होती. एका हाताने बंदीची मागणी, दुसऱ्या हाताने कॅन. त्यांचंही नुकसानच आहे, आणि त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण असा प्रश्न विचारणाऱ्यांतले निम्मे मनातून दुकान काढायच्या विचारात असतात. कायद्यातल्या भोकावर धंदा उभा करू नका. भोक दिल्लीत असो की वॉशिंग्टनला, ते बुजतंच. साडू आता मला विचारतात की राज्य लायसन्ससाठी काढतं त्या पुढच्या लॉटरीत अर्ज कसा भरायचा. मी फॉर्म भरून देईन, मेहुणीच्या हातचं जेवलोय. पण ‘मूर्ख’ हा शब्द आधी मागे घ्यायचा, ही माझी अट आहे.

आईंचं तेल. बाटलीवर ‘फुल स्पेक्ट्रम’ (झाडातली सगळी द्रव्यं, थोडं टीएचसीही) लिहिलंय का पाहा. असेल तर ती बहुधा नव्या नियमात बसणार नाही. 30 मिलिलिटरच्या बाटलीत 0.3 टक्क्यांनी सुमारे 90 मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी आजवर चालत होतं, आता अख्ख्या बाटलीत अर्धा मिलिग्रॅमही नको. ही मर्यादा मला मूर्खपणाची वाटते. पोरांच्या हातातली गमी काढायच्या नादात म्हाताऱ्यांची बाटली काढून घेतली. ट्रम्प यांच्या त्या आदेशात फुल स्पेक्ट्रम सीबीडीसाठी वाट काढा असं काँग्रेसला सुचवलंय, बघू. ‘आयसोलेट’ (नुसतं शुद्ध सीबीडी) किंवा खरंच टीएचसी नसलेलं ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ मात्र टिकायला हरकत नाही. त्याचं प्रमाणपत्र उघडा आणि बॅच नंबर बाटलीशी ताडून बघा.

मी वकील नाही, डॉक्टर नाही, तरी चार गोष्टी. आई व्हिजिटर व्हिसावर असतील तर डिस्पेन्सरीतलं काहीही त्यांच्या नावावर नको. राज्यात कायदेशीर असलं तरी इमिग्रेशनला केंद्राचा कायदा लागतो, आणि हेच एच-1बी आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही. ग्रीन कार्डवर असताना या धंद्यात नोकरी केली तरी नागरिकत्वाच्या वेळी नडू शकतं, मी नागरिक झाल्यावरच इथे लागलो. फुल स्पेक्ट्रम तेलाने नोकरीच्या ड्रग टेस्टमध्ये टीएचसी दिसू शकतं, तेव्हा तुम्ही स्वतः चाखून बघू नका. आईंना वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर सीबीडीने रक्त जास्त पातळ होऊ शकतं, त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि परत जाताना उरलेली बाटली बॅगेत भरू नका. भारतात अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे, आणि मुंबईच्या कस्टम्सवाल्याला स्पेक्ट्रम समजावत बसायची वेळ आईंवर येऊ नये.