‘मॅडम, त्या माणसाला किती वर्षांची शिक्षा लागेल?’

मूल पळवलं गेलेल्या घरातून हा प्रश्न मला हमखास येतो. सुनंदाताई (नाव बदललं आहे) तो घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. 2019 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा एसटी स्टँडवरून नाहीसा झाला आणि पाच महिन्यांनी परराज्यात भीक मागताना सापडला. 2023 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवलं. शिक्षेवरची सुनावणी सोमवारी होती.

दीर म्हणत होते, गावित बहिणींसारखी फाशीच होणार. मी सांगितलं, तो खटला मुलं पळवून त्यांचे खून केल्याचा होता. आणि 2001 ची ती फाशी सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये कायम केली, तरी दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. एका सोमवारवर सगळा जीव टांगून ठेवू नका, असं मी कळकळीने म्हटलं.

मग आम्ही सरकारी वकिलांना भेटलो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 370 खाली लहान मुलाच्या तस्करीला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप होती. आरोपीने कच्च्या कैदेत, म्हणजे निकालाआधी तुरुंगात, काढलेली चार वर्षं मात्र वजा होणार.

इथे ताईंचा बांध फुटला. “माझं पोर रात्री दचकून उठतं, त्याची वर्षं कोण वजा करणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नुसती शेजारी बसून राहिले.

शांत झाल्यावर त्यांनी पान उलगडलं. पेनाने 10 − 4 = 6. त्याखाली पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, 9 + 6 = 15. ते मुलाने लिहिलं होतं. घरातला प्रत्येक अंदाज त्याच्या कानावर पडत होता, आणि तो माणूस सुटेल तेव्हा आपण केवढे असू याचा हिशेब तो एकटाच मांडत होता.

त्या दिवसापासून त्याच्यासमोर अंदाज बंद केले. त्याने विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगायचं. सोमवारी नातेवाइकांचे फोन दिरांनी घ्यायचे, मुलाजवळ आजीने थांबायचं, हेही आधीच ठरवलं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. दहा लागली होती. वाढवून मागायचं अपील सरकारच करू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

“पोराने विचारलं, म्हणजे पंधराच ना? मी म्हटलं, हो, आणि तेव्हा तू माझ्याहून उंच असशील. मग जेवला.”