रात्री अंथरुणावर पडलं तरी तासन्‌तास झोप येत नाही, काय करू?

झोप ओढून आणायला गेलं की ती अजून लांब पळते, म्हणून आधी घड्याळ बघणं बंद करा, "दोन वाजले, आता चारच तास उरले" हा हिशोब सुरू झाला की डोळे टक्क उघडे राहतात. अंदाजे 20 मिनिटं झाली तरी डोळा लागत नसेल तर सरळ उठा, मंद लाईटमध्ये काहीतरी कंटाळवाणं वाचा, कपड्यांच्या घड्या घाला, मोबाईल मात्र नको, आणि डोळे जड झाले की मगच परत आडवे व्हा. नुसतं तळमळत पडून राहिलं की मेंदूला अंथरुणात जागं राहायचीच सवय लागते.

रात्री कितीही उशीर होऊ दे, सकाळी उठायची वेळ बदलू नका, सुट्टीच्या दिवशी पण नाही, माझ्या मते हेच सगळ्यात जास्त कामाला येतं आणि हेच कोणी करत नाही. कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण 5-6 तासांनी पण अंगात असतं, त्यामुळे दुपारनंतर चहा-कॉफी टाळा.

आठवड्यातून 3 रात्री असं होतंय आणि 3 महिने झाले असतील तर डॉक्टरांना दाखवा, सीबीटी-आय थेरपीबद्दल (निद्रानाशासाठी झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची, गोळ्यांशिवायची उपचारपद्धत) विचारा, झोपेच्या गोळ्या मनाने प्लीज घेऊ नका.