शेवटचा अर्धा सेंटिमीटर

प्रश्न : सिस्टर, माझं वय २७. अकरा आठवड्यांपूर्वी पायलोनायडल सायनसचं ऑपरेशन झालं. टाके घातले नाहीत, जखम उघडी ठेवली आहे. सर्जन म्हणाले होते, 'सहा ते आठ आठवडे धरून चला.' सुरुवातीला जखम ६ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर खोल होती. पहिल्या महिन्यात भराभर भरली. आता दीड सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर खोल उरली आहे, पण गेले तीन आठवडे तिथंच अडून बसली आहे. रोज ड्रेसिंग होतं, रोज पॅडवर डाग असतोच. ऑफिसात 'पाठीचं छोटं ऑपरेशन' असं सांगितलंय, आता सगळे 'अजून किती दिवस?' असं विचारतात. मला वाटायला लागलंय की ऑपरेशन फसलंय आणि कोणी मला ते सांगत नाहीये.

उत्तर : तुमचं पत्र चांगलं दोन पानी होतं, इथं थोडक्यात छापलंय. त्या दोन पानांत ऑपरेशन नक्की कुठं झालं हे तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. 'त्या जागी', 'तिथं', 'खाली'. मी ३१ वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढली. या आजाराचा पेशंट ओळखायला मला केसपेपर बघावा लागत नसे. खुर्ची पुढे केली की म्हणणार, 'राहू द्या सिस्टर, उभाच बरा आहे.' तर आधी लिहूनच टाकते : माकडहाडावर, दोन कुल्ल्यांमधल्या खाचेत, कातडीखाली झालेली पू धरणारी पोकळी. झालं. आता मोकळेपणानं बोलू.

अकरा आठवडे झाले म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. उघडी ठेवलेली ही जखम भरायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचंच. चार-पाच महिने घेतलेल्या जखमाही मी पाहिल्या आहेत, आणि ती माणसं आज मजेत खुर्चीत बसतात. 'सहा ते आठ' म्हणताना सर्जनच्या मनात 'कमीत कमी' हे शब्द असतात. पेशंटच्या कानात मात्र फक्त 'सहा' शिरतो.

सुरुवातीला जखम भराभर का लहान झाली? तेव्हा दोन कामं एकदम चालू होती. तळातून नवं मांस वर येत होतं आणि कडा आपोआप आत ओढल्या जात होत्या. शेवटी उरतं ते कातडीचं काम. कडेची कातडी त्या लालसर, ओल्या मांसावरून कणाकणानं पुढे सरकते आणि जखमेचं तोंड बंद करते. हे काम मुळातच सावकाश होणारं, त्यात जागा अशी की बसता-उठता दोन्ही बाजूंनी ताण, घाम, घासणं. म्हणून शेवटचा अर्धा सेंटिमीटर सगळ्यांत जास्त छळतो. तुम्ही एकटे नाही.

पण तीन आठवड्यांत जखम खरोखरच काडीभरही हलली नसेल, तर 'धीर धरा' एवढंच सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. तिला काहीतरी अडतंय. ते शोधायला हवं.

एक मुलगा आठवतो. चार महिने झालेले, जखम अगदी तुमच्याएवढी, घरच्या घरी ड्रेसिंग. मी त्याला पालथं झोपवलं, दिवा खाली ओढला, दोन बोटांनी कडा अलग केल्या. वरून सगळं छान गुलाबी. तळाशी मात्र एक बारीक काळी रेघ. चिमट्यात धरून हलकेच ओढली तर येतच राहिली, बोटाच्या दोन पेरांएवढी. केस! त्या पोराच्या पाठीवर औषधालाही केस नव्हते. तो त्याच्या डोक्याचा होता. कापलेले नाहीतर गळलेले केस मानेवरून पाठीवर, पाठीवरून खाली घसरतात आणि त्या खाचेत जाऊन बसतात. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे तो एकदा आत शिरला की पुढेच सरकतो, मागे फिरत नाही. या आजाराचं नावही त्यावरूनच पडलं. १८८० मध्ये हॉजेस या सर्जननं लॅटिनमधले 'केस' आणि 'घरटं' हे दोन शब्द जोडून ते तयार केलं. केस कापणाऱ्या कारागिरांना तर हाच आजार बोटांच्या बेचक्यात होतो, गिऱ्हाइकाच्या केसांमुळे.

तेव्हा पहिलं काम हे : ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला किंवा सर्जनला स्पष्ट विचारा, 'आत केस आहे का, नीट बघता का?' जखमेभोवतीचे तीन-चार सेंटिमीटरपर्यंतचे केस त्यांच्याकडूनच वेळोवेळी काढून घ्या. ड्रेसिंगच्या आधी शॉवरखाली कोमट पाण्यानं ती खाच धुऊन निघू द्या. पाण्याला घाबरू नका, सुटे केस त्यानंच निघतात. केस कापून आलात की खुर्चीत टेकण्याआधी डोक्यावरून आंघोळ.

दुसरं, मांस वाजवीपेक्षा जास्त वाढलंय का? कडेच्या कातडीच्या वर फुगून आलेलं, गडद लाल, लिबलिबीत, बोट लागताच रक्त येणारं. असं असेल तर कातडीला तो डोंगर चढवत नाही, ती पायथ्याशीच थांबते. त्यावर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात. दोन मिनिटांचं काम, पण ते सर्जनकडेच. घरी काहीही लावून जाळायला जाऊ नका.

तिसरं, गॉज ठासून भरताय का? 'आत जास्त भरलं की लवकर भरेल' हा समज मला घरोघरी भेटला. उलट आहे. ठासलेलं गॉज म्हणजे नव्या मांसाच्या वाटेत लावलेलं बूच. जखम एवढी उथळ झाल्यावर आत गॉज लागतं तरी का, की वरून नुसता फोमचा किंवा स्राव शोषणाऱ्या अल्जिनेटच्या ड्रेसिंगचा तुकडा पुरे, हेही विचारा. पहिल्या महिन्यातली पद्धत तिसऱ्या महिन्यात तशीच चालू राहते, कारण ती कोणी बदलतच नाही.

शिवाय रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? सिगारेट ओढत असाल (पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मला शंका आहे) तर ती जखमेचा रक्तपुरवठा थेट कमी करते. जेवणात प्रथिनं भरपूर हवीत, नवं मांस त्यांतूनच घडतं. आणि जखमेचा स्वॅब घेऊन त्यात जंतू निघाले, तर एवढ्यावरून घाबरू नका. उघड्या जखमेवर जंतू असतातच. ताप, पसरत जाणारी लाली, वाढतं दुखणं किंवा घाण पू असेल तेव्हाच प्रतिजैविकांचा प्रश्न येतो, आणि तेव्हा मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

हे सगळं नीट करूनही आणखी दोन-तीन महिने जखम तशीच राहिली, तर सर्जनशी पुढचं बोलायचं. कधी कधी खाचच इतकी खोल असते की तिच्या तळाशी कुठलीच जखम टिकून भरत नाही. मग खाच उथळ करून टाक्यांची रेघ मधोमध न ठेवता बाजूला नेणारी ऑपरेशनं आहेत. कारिडाकिस, लिंबर्ग, बॅस्कॉम अशी त्यांची नावं ऐकाल. पण आजच तिथवर जाऊ नका.

आता मोजण्याबद्दल. तुम्ही रोज मोबाइल मागे धरून फोटो काढता आणि कालच्याशी ताडून बघता, असं लिहिलंय. हे बंद करा. रोज बघितलं तर कुठलीच जखम भरताना दिसत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एकाच माणसानं, तितक्याच अंतरावरून, शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढायचा. लांबी, रुंदी, खोली वहीत लिहायची. खोलीचं माप ड्रेसिंग करणाऱ्यांकडूनच घ्या, घरी काहीबाही आत घालू नका. माझ्या एका पेशंटच्या वहीत पाच आठवडे '१.५, १.५, १.४, १.४, १.२' असे आकडे होते आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यानं 'काही फरक नाही' असं लिहिलं होतं!

आणि ऑफिस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ७८ हजारांहून जास्त सैनिकांना याच दुखण्यापायी लष्करी इस्पितळात भरती व्हावं लागलं. खडबडीत रस्त्यांवर जीप चालवून होतो असं वाटल्यामुळे याला 'जीपचा आजार' म्हणायला लागले. तेव्हा लाजण्यासारखं यात काही नाही. 'माकडहाडापाशी गळू होतं, जखम आतून भरवताहेत, अजून महिना-दीड महिना लागेल, मला मधूनमधून उभं राहून काम करावं लागेल' एवढं साहेबांना सांगा. 'पाठीचं छोटं ऑपरेशन' म्हटल्यामुळेच त्यांना अकरा आठवडे जास्त वाटताहेत.

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. ड्रेसिंग मीच करते. परवा गॉज काढताना ते चिकटलेलं होतं, ओढलं तर रक्त आलं. माझ्या हातून जखम पुन्हा उघडली का? पॅडला वासही येतो. शिवाय ड्रेसिंगच्या वेळी तो माझ्यावर इतका चिडतो की हल्ली माझे हात कापतात.

उत्तर : नाही हो, तुमच्या हातून काही उघडलं नाही. नवं मांस म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंच, जरा धक्का लागला की चार थेंब येतात. स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटं दाबून धरा, आणि मधे उचलून बघू नका. सगळे तिथंच चुकतात. दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, तर मात्र दवाखान्यात जा.

चिकटलेलं गॉज कोरडं ओढायचं नाही. सलाइन ओतून पाच मिनिटं भिजू द्या, नाहीतर शॉवरखालीच सुटू द्या. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, नंतर देऊन काय उपयोग? आणि एक गोष्ट, जी डिस्चार्जच्या कागदावर बहुधा नसते : आत गॉजचे किती तुकडे घातले ते लिहून ठेवा आणि काढताना मोजा. एक तुकडा आत राहिलेला मी स्वतः काढला आहे. त्या घरातली माऊली महिनाभर 'वास का येतो' म्हणून रडत होती. आता तुम्हाला येणारा वास तसाच असेल असं नाही. अल्जिनेटसारखं ड्रेसिंग स्राव शोषून पिवळट-तपकिरी, बुळबुळीत होतं आणि त्याला जरा वास येतोच. जखम धुतल्यावरही वास राहिला, तर दाखवून घ्या.

चिडण्याचं म्हणाल, तर पालथं पडून, काही दिसत नसताना, दुसऱ्याच्या हाती अंग सोपवणं कुणालाही जड जातं, त्यात बायकोपुढे. त्याला काम द्या. एका हातानं स्वतःचा कुल्ला बाजूला ओढून धरायला सांगा. तुमचा एक हात मोकळा होईल आणि तो 'पेशंट' न राहता भागीदार होईल. हात लावण्याआधी सांगा : 'आता पट्टी काढतेय, आता पाणी.' आणि त्या पंधरा मिनिटांत दुसरा कुठलाच विषय नको. मुलांचा अभ्यास नको, सासूबाई तर नकोतच. आठवड्यातला एखादा दिवस ड्रेसिंग बाहेर करून घ्या. सुट्टी तुम्हालाही हवीच.

प्रश्न : मी १९ वर्षांची. माझी जखम फ्लॅप करून, म्हणजे शेजारची कातडी सरकवून, टाके घालून बंद केली आहे, तीन आठवडे झाले. मधे भोक असलेली गोल उशी घेऊ का? आणि हा मुलांचाच आजार आहे ना? मैत्रिणी हसतात.

उत्तर : बाळ, मुलांना जास्त होतो, साधारण तीन-चार पट, पण मुलींना होत नाही असं मुळीच नाही. मैत्रिणींचं हसू त्यांच्यापाशीच राहू दे.

भोकाची उशी नको. त्या भोकात अंग खाली धसतं आणि टाक्यांवर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. सर्जननं बसायची परवानगी दिली असेल, तर सपाट, जरा कडक बैठकीवर, भार मांड्यांवर घेऊन, किंचित पुढे झुकून बस. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचंच. अभ्यास उभ्यानं किंवा पालथं पडून कर. फ्लॅपच्या जागी बधिर वाटेल, ते बरेच महिने राहू शकतं, त्याची काळजी नको. उठताना मात्र एका बाजूला रेलून घसरत उठू नकोस. दोन्ही पाय जमिनीवर टेकव, खुर्चीच्या कडेला ये आणि सरळ उभी राहा.