आधी बर्फ, मग थर्मोकोल?

प्रश्न: आम्ही फ्लॅट बुक केलेल्या टॉवरचा राफ्ट (पायाचा जाड स्लॅब) मे महिन्यात रात्री भरला, अडीच मीटर जाड. काँक्रीटमध्ये पाण्याबरोबर बर्फाचा चुरा टाकत होते. पाणी जास्त होऊन काँक्रीट कच्चं नाही का राहणार? आणि गंमत म्हणजे नंतर त्यावरच थर्मोकोल अंथरला. आधी गार करायचं, मग गरम ठेवायचं, हे काय?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: अहो, बर्फाला घाबरू नका, तो मोजून टाकला का एवढंच बघा. ५० किलो बर्फ घातला तर ५० लिटर पाणी कमी करायचं, बस. बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो, त्यामुळे घनमीटरला ५० किलो बर्फ गेला की काँक्रीट आठ-नऊ डिग्रीने उतरतं, नुसत्या गार पाण्याने एवढं होत नाही. फक्त लादीचे मोठे तुकडे नकोत, ते न वितळता आत गेले तर तिथे पोकळी राहते.

सिमेंटला पाणी लागलं की ते स्वतःच तापतं आणि जाड राफ्टच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ढोबळ हिशोब असा की घनमीटरमधल्या दर १०० किलो सिमेंटमागे साधारण १२ डिग्री चढतात. ४०० किलो म्हणजे ४८, काँक्रीट ३५ ला ओतलं तर पोटात ८३! ७० च्या वर गेलं की सिमेंटची रसायनं बिघडतात आणि काही वर्षांनी ओल मिळाली की आतून फुगून तडे जाऊ शकतात. २२ ला ओतलं तर ७० लाच थांबतं, आणि थोडं सिमेंट काढून फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) घातला तर अजून खाली. खडीला सावली, रात्रीचं काम, हे सगळं त्यासाठीच. दुबईत बुर्ज खलिफाचं काँक्रीटही उन्हाळ्यात रात्रीच, बर्फ घालून ओतलं होतं. हूवर धरणात तर १९३० च्या दशकात काँक्रीटच्या पोटात नळ्या टाकून गार पाणी फिरवलं.

आता थर्मोकोल. तडा नुसत्या उष्णतेने नाही, आतल्या-बाहेरच्या फरकाने जातो. पोट गरम, फुगलेलं, वरचा थर रात्रीच्या वाऱ्याने गार होऊन आकसायला बघतो, ताणला जातो, आणि ताण सोसणं काँक्रीटला जमतच नाही. म्हणून फरक साधारण २० डिग्रीच्या आत ठेवतात, त्यासाठी वरून झाकायचं. घोळ होतो तो घाईत थर्मोकोल काढून वरून टँकरचं गार पाणी मारलं की. राफ्टमध्ये थर्मोकपल (आतलं तापमान मोजणाऱ्या तारा) बसवले असतील तर रीडिंगचं रजिस्टर साइटवर असणारच, ते बिल्डरकडे मागा आणि थर्मोकोल काढला त्या दिवशीचा फरक बघा.